भावाला वेगळं घर देताना: आधी कामं हलवा, सामान नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाऊ 36 वर्षांचा, 13 वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, औषधं चालू, गेल्या दोन वर्षांत एकदाही भरती करावं लागलेलं नाही. आईवडील सत्तरीच्या पुढचे, नाशिकला. तुम्ही पुण्यात. तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर एक वन आरके भाड्याने मिळतोय, भावाची वेगळं राहायची इच्छा आहे, आई म्हणते त्याला झेपायचं नाही. दोन महिन्यांत हलवायचं म्हणता, तर तयारी काय करावी?

तुम्ही घराबद्दल विचारलंय, पण घर हा यातला सोपा भाग आहे. आज तुमचा भाऊ स्थिर आहे तो आईच्या हाताखाली. सकाळी उठवणं, गीझर लावणं, गोळी तळहातावर ठेवणं, मळके कपडे ओढून घेणं, गॅसचं बटण परत एकदा बघणं, ही कामं ती न बोलता करते. तिला विचारलंत तर म्हणेल, 'मी काय करते? जेवायला वाढते फक्त.' ही कामं उद्या कोण करणार, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर दोन महिन्यांत मिळत नाही. मी सहा ते नऊ महिने धरून चालायला सांगेन. आईवडील हिंडतेफिरते आहेत तोवरच हे करायला घेतलंत, हे मात्र अगदी बरोबर केलंत. बहुतेक घरांत हा विषय निघतो तो तेराव्याला.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात. भास अजून होत असले तरी चालतं. 'उडी मार', 'त्याला मार' असे हुकूम देणारे आवाज येत असतील आणि तो ते ऐकत असेल, तर एकटं राहणं आत्ता नको. अलीकडे आत्महत्येचा प्रयत्न झालेला असेल, दारू किंवा गांजा सुटलेला नसेल, औषध रोज भांडूनच घ्यावं लागत असेल, तरीही थांबा. पण स्वयंपाक येत नाही, फारसा बोलत नाही, आंघोळ टाळतो, नोकरी नाही, ही थांबायची कारणं नव्हेत. 'पूर्ण बरा झाला की पाठवू' म्हणणारी घरं कायमची वाट बघत बसतात, कारण घरात बसून स्वतंत्र राहण्याचा सराव होतच नाही.

या आठवड्यात एकच करा. फ्रीजवर एक वही अडकवा आणि सात दिवस लिहा: कुठलं काम, कुणी केलं, सांगावं लागलं का, कितीदा. आईने लिहायचं, आणि भावानेही त्याच्या बाजूने लिहायचं. आठवड्याच्या शेवटी चित्र बहुधा असं दिसतं की त्याला कामं येतात, पण सुरू होत नाहीत. स्किझोफ्रेनियात भास-संशय औषधाने आटोक्यात येतात. निरिच्छा आणि एकामागून एक पायऱ्या डोक्यात धरून ठेवण्याची अडचण मात्र बरेचदा उरते. घरचे त्याला आळस म्हणतात. म्हणून 'स्वयंपाक शिकवा' हा सल्ला अर्धवट आहे. त्याला काम सुरू करून देणारी आणि काम चालू असल्याची आठवण देणारी वस्तू हवी. आज ती वस्तू म्हणजे आई.

कुकरचंच बघा. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या: हे त्याला तोंडपाठ असेल. चुकतं कुठे? कुकर लावून तो खोलीत जातो, आडवा होतो, शिट्टी ऐकू येते पण मोजली जात नाही. दुपारच्या गोळीची गुंगी असेल तर झोपच लागते. भात करपतो, कधी पाणी संपून वॉल्व्ह उडतो, आणि घरचे निष्कर्ष काढतात की 'याला जमत नाही.' यावर उपाय शिकवणीत नाही. आपोआप बंद होणारा विजेचा राइस कुकर किंवा टायमरची इंडक्शन शेगडी घ्या. पहिले तीन महिने त्या घरात गॅस सिलिंडर आणूच नका. पायऱ्यांचं कार्ड ओट्यावर त्याच्याच अक्षरात लावा, चार ओळींच्या वर नको. चार पदार्थ पुरतात: वरणभात, पोहे, अंडं, खिचडी. पोळ्या विकत आणता येतात. पोळी लाटता आली नाही म्हणून कुणी परावलंबी होत नाही; पुण्यात एकटे राहणारे कितीतरी लोक तेच करतात.

आता औषधं, कारण सगळं इथेच अडतं. हस्तांतर चार टप्प्यांत करा आणि प्रत्येक टप्पा निदान तीन-चार आठवडे चालू द्या. आधी तो आईसमोर स्वतः पट्टीतून गोळी काढून घेईल. मग सात दिवसांच्या खणांच्या डबीतून घेईल आणि रात्री रिकामा खण दाखवेल. मग रविवारी डबी तो भरेल, दुसरं कुणी तपासेल. शेवटी डबीही त्याची, दुकानातून आणणंही त्याचं, आणि तुम्ही महिन्यातून एकदा उरलेल्या गोळ्या मोजाल. मोजणार आहात हे त्याला आधीपासून माहीत असलं पाहिजे. लपून मोजलंत तर गोळ्या खिडकीतून जातात.

घोळ होतो तो बारीक जागी. दहाच्या तीन पट्ट्या आणल्या की 31 तारखेला गोळी नसते, त्यात रविवार आला की दुकान बंद. म्हणून सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायच्या, हा नियम डबीच्या झाकणावर लिहा. रात्रीची गोळी अकराला घेतली तर सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नाहीत. ती साडेआठला घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि त्याला हे स्पष्ट सांगा की औषध थांबवलं तर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. उलट गुंगी उतरल्याने चार दिवस तरतरीत वाटतं. आजार परततो तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, आणि तोवर गोळीचा आणि त्याचा संबंध कुणाच्या लक्षात राहत नाही. गोळ्यांची कटकट त्याला फारच होत असेल, तर महिन्यातून एकदा घ्यायचं दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन हा पर्याय वेगळं राहायला जाण्याआधी चर्चेला घ्या, गेल्यावर नको.

क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध चालू असेल तर आणखी तीन गोष्टी. 48 तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस आपल्या मनाने परत सुरू करायचा नाही. डॉक्टर तो 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा वाढवत नेतात. बद्धकोष्ठ हसण्यावारी न्यायचं नाही, या औषधात ते जिवावर बेतू शकतं. आणि सिगारेट. एकटं राहायला लागल्यावर सिगारेटी वाढतात, सिगारेटच्या धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन दोन्हींचं रक्तातलं प्रमाण घटतं. अचानक सोडल्या तर ते वाढतं. तंबाखू-गुटख्याने असं होत नाही, धुरानेच होतं. म्हणून 'दिवसाला किती ओढतोस' हे डॉक्टरांना दर भेटीत कळलं पाहिजे, उपदेश न करता. (बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्यांच्या घरच्यांनी वेगळं लक्षात ठेवावं: जुलाब, उलट्या, कडक उन्हात पाणी कमी पिणं आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनी लिथियम रक्तात साचतं.)

पैशाचं सोपं आहे, पण महिन्याचे पैसे एकदम देऊ नका. दर सोमवारी ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात जाऊ द्या, त्या खात्याला यूपीआयची रोजची मर्यादा घाला, भाडं आणि वीजबिल दुसऱ्या खात्यातून आपोआप कापलं जाऊ द्या. पहिल्या महिन्यात पैसे गुरुवारीच संपतील. शुक्रवारी लगेच भरून देऊ नका. घरात तांदूळ-डाळ-अंडी आहेत ना, एवढं बघा. झटपट कर्ज देणारी ॲप्स फोनवर नकोत, हे त्याच्याशी बोलून ठरवा.

भाडेकरार कुणाच्या नावाने करायचा, यावर वाद होतो. माझं मत: त्याच्या नावाने, सहभाडेकरू म्हणून तुमचं नाव. मनोरुग्ण सही करू शकत नाही, असं एजंट सांगेल. ते खोटं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 3 स्पष्ट म्हणतं की केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस विकलमनाचा ठरत नाही. ते न्यायालयाने ठरवावं लागतं. त्याच कायद्याचं कलम 19 समाजात राहण्याचा हक्क देतं. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, ते टाळू नका. शेवटी 'हे घर माझं आहे' असं त्याला म्हणता येतं ते हातातल्या त्या कागदामुळे.

घर बघताना दोन गोष्टी. दाराला लॅच असू द्या आणि दुसरी किल्ली तुमच्याकडे. आतून लावायची कडी पहिले काही महिने वापरायची नाही, हे त्याच्या संमतीने ठरवा. आणि सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटू नका. एका शेजाऱ्याला सांगणं पुरतं, तेही भावानेच सांगितलेलं बरं: 'मी औषधं घेतो, काही अडलं तर दादाला फोन करा, हा नंबर.' एवढंच.

राहण्याचा सराव टप्प्याटप्प्याने करा, पण शनिवार-रविवारच्या मुक्कामांवर विसंबू नका. सुट्टी सगळ्यांचीच बरी जाते. खरी परीक्षा मंगळवारी दुपारी तीन वाजता असते, जेवण झालेलं, झोप संपलेली, कुणाचा फोन नाही. म्हणून पहिले चार मुक्काम दोन-दोन रात्रींचे करा पण कामाच्या दिवसांत, मग चार रात्री, मग पूर्ण आठवडा. नाशिकमधली त्याची खाट सहा महिने हलवू नका, तिथे धुणं वाळत घालू नका. आणि एका महिन्यात एकच बदल: गाव, घर आणि डॉक्टर तिन्ही एकदम बदलले तर बिघाड कशाने झाला तेच कळत नाही. जुने डॉक्टर निदान तीन महिने चालू ठेवा, दरम्यान पुण्यातल्या डॉक्टरांना एकदा सगळी फाइल दाखवून ओळख करून घ्या.

पहिला महिना बहुतेकांचा छान जातो. घर नवं, उत्साह नवा, तुम्हीही रोज डोकावता. घसरण येते ती साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, नेमकी तुम्ही सैल सोडता तेव्हा. कारण बहुधा आजार नसतो, एकटेपणा असतो. यावर एकच औषध आहे: आठवड्यातले पाच दिवस, दिवसाचे निदान चार तास, घराबाहेर जायची एक जागा. ती घर घेण्याआधी ठरवा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था दिवसाचं पुनर्वसन केंद्र आणि स्वमदत गट चालवतात. आमच्या क्षेत्रात ज्यांना शुभार्थी (आजारी माणूस) आणि शुभंकर (त्याची काळजी घेणारा) म्हणतात, ते दोघेही तिथे भेटतात. अर्धवेळ काम मिळालं तर उत्तमच, पण घर आणि नोकरी एकाच महिन्यात सुरू करू नका.

तुमचा स्वतःचा वाटा किती, हेही ठरवून घ्या. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोल्यांत किंवा भावंडांकडे राहिलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा भरती झाल्याचं त्यांना दिसलं. पुढच्या संशोधनातून यामागे सतत टीका आणि जीव गुदमरेल इतकी काळजी, या दोन गोष्टी पुढे आल्या. म्हणून फोन एकाच माणसाने करायचा, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं. पहिलं वाक्य 'गोळी घेतलीस का' हे नको. ते तिसरं-चौथं असू द्या. मामा, काकू, ताई असे तिघे रोज फोन करून हेच विचारत असतील तर त्यांना तुम्हीच थांबवा. भेट आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. अचानक छापा घालायचा नाही. गेल्यावर चौकशीपेक्षा कचऱ्याची बादली बघा. त्यात भाजीची सालं, अंड्यांची टरफलं असली की काळजी नाही. नुसती बिस्किटांची वेष्टनं आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या दिसल्या तर स्वयंपाक दहा दिवसांपासून बंद आहे, असं समजा.

बिघाडाची चाहूल प्रत्येकाची वेगळी असते. मागच्या वेळी भरती करावं लागण्याआधीचे तीन-चार आठवडे आठवा: झोप कमी झाली होती? खिडक्या बंद ठेवायला लागला होता? फोन बंद? एखादा शेजारी 'बघतो' म्हणाला होता? त्यातल्या तीन खुणा भावाच्या शब्दांत एका कागदावर लिहा. खाली लिहा: सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर तो तुम्हाला सांगेल, तीन दिवसांत फरक नाही तर डॉक्टरांकडे दोघं जाल, मरणाचे विचार आले किंवा आवाज हुकूम देऊ लागले तर त्याच दिवशी दवाखाना. कागदावर दोघांची सही, एक प्रत त्याच्या कपाटाच्या दाराला. मध्यरात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो. तो बरा असताना त्याच्याकडून 'नामनिर्देशित प्रतिनिधी' म्हणून तुमचं नावही लिहून घ्या. 2017 च्या कायद्यानुसार साध्या कागदावर, त्याच्या सहीने ते करता येतं. पुढे कधी भरतीची वेळ आली तर कुणाशी बोलायचं, हा गोंधळ राहत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर काढा. मानसिक आजाराचं मोजमाप 'आयडियाज' या मोजपट्टीने होतं: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम, प्रत्येकी 0 ते 4 गुण, शिवाय आजाराच्या कालावधीचे वेगळे. इथे घरचे अभिमानाने 'सगळं करतो हो' म्हणतात आणि टक्केवारी 40 च्या खाली जाते. बहुतेक सवलती 40 पासून सुरू होतात. फ्रीजवरची ती वही सोबत न्या. सांगितल्याशिवाय तो काय करतो, तेवढंच खरं उत्तर. वडील सरकारी निवृत्तिवेतनधारक असतील तर अपंग अपत्याला आजीव कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. नाव वडिलांच्या हयातीतच कागदोपत्री लावून घ्या, नंतर फार खेटे पडतात. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदानासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचं पालकत्व आणि निरामय आरोग्य विमा मात्र स्किझोफ्रेनियाला लागू नाहीत. ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहेत. त्या रांगेत उभं राहून बऱ्याच लोकांचं वर्ष फुकट जातं.

सहा महिन्यांनी दिसलं की एकटं जमत नाही, तर पर्याय फक्त आईकडे परतणं एवढाच नसतो. तीन-चार जण एकत्र राहतात आणि मदतनीस येऊन-जाऊन असतो, अशी ग्रुप होम असतात. चेन्नईच्या द बॅनियन संस्थेने 'होम अगेन' या नावाने साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांत हेच केलंय. हाफवे होममध्ये, म्हणजे दवाखाना आणि घर यांच्या मधल्या टप्प्याच्या जागेत, मुक्काम मर्यादित असतो आणि कर्मचारी असतात. आपल्याकडे अशा जागा कमी आहेत, आणि 'पुनर्वसन केंद्र' अशी पाटी लावलेली बरीच ठिकाणं प्रत्यक्षात कुलूपबंद वसतिगृहं असतात. बघायला जाल तेव्हा चार प्रश्न विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, गेटला दिवसा कुलूप असतं का, फोन स्वतःजवळ ठेवता येतो का, आणि गेल्या वर्षी इथून किती जण कुठे राहायला गेले. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर चहा घेऊन परत या.

राहिली आई. तिला 'तू आता काही करू नकोस' सांगितलंत तर ती पुण्याला येताना डब्यांची पिशवी भरून आणेल, फ्रीज भरेल, आणि महिन्याचा सराव दोन दिवसांत मोडेल. तिला दुसरं काम द्या. महिन्यातून एका रविवारी ती भावाच्या घरी जेवायला जाईल, पाहुणी म्हणून. तो वरणभात करील, ती खुर्चीवर बसेल. डबा न्यायचा नाही. मीठ कमी पडलं तर मागून घ्यायचं, उठून ओट्याशी जायचं नाही.